हातात काही घ्यायचं नाही

मला पाण्याची भीती वाटते, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. हा अन्याय आहे. मला उंचीची वाटते, कुत्र्यांची वाटते, लिफ्टची वाटते, दाताच्या डॉक्टरची तर नुसती पाटी बघून वाटते. एवढ्या सगळ्या भीत्या गुण्यागोविंदानं नांदत असताना एकट्या पाण्याला पुढे करायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या लेकीला नोकरी लागली आणि पाणी रांग मोडून एकदम पहिल्या नंबरावर जाऊन उभं राहिलं.

नोकरी तळ्याकाठच्या एका शहरात, पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत. तळ्याचं पाणी तपासायचं. मला वाटलं, कुणीतरी बाटलीत भरून टेबलावर आणून ठेवत असेल.

"नाही हो बाबा," लेक म्हणाली, "रोज सकाळी होडीनं मध्यावर जायचं आणि आपणच भरून आणायचं."

हे तिनं इतक्या आनंदानं सांगितलं, की माझ्या कपातला चहा बशीत आणि बशीतला पायजम्यावर आला. मुलीला एवढं शिकवलं ते खुर्चीत बसायला, होडीत बसायला नव्हे. पण मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुम्ही एकदा जाऊन या. गाव बघा, माणसं बघा. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. सोमवारी कळवायचंय त्यांना."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या मुलीला ठणकावून नाही म्हणता येतं. इतक्या शहाण्यासारखं वागणाऱ्या मुलीला नाही म्हणायचं तर सज्जड कारण लागतं, आणि ते कारण आणायलाच मी निघालो होतो. माणसं लबाड निघाली, गाव गलिच्छ निघालं, रस्त्यात दिवे नसले, काहीही चाललं असतं. बायकोनं डबा भरता भरता विचारलंच, "अहो, गाव बघायला निघालात की नापास करायला?" मी न ऐकल्यासारखं केलं. बूट शोधत असलेल्या माणसाला ते सहज जमतं.

आमच्या वरच्या मजल्यावर विमा कंपनीतले एक निवृत्त अधिकारी राहतात. जन्मभर अपघातांचे दावे तपासल्यामुळे जगात अपघाताशिवाय दुसरं काही घडतं हे त्यांना पटतच नाही. बिल्डिंगीत त्यांना खबरदारकाका म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी. मी निघतोय कळल्यावर ते चप्पलसुद्धा न घालता खाली आले.

"तळ्याकाठची माणसं फार गोड बोलतात," ते म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, की गोड बोलणं हा अजामीनपात्र गुन्हा असावा. "पाकीट खिशात ठेवू नका. चोर पहिला हात खिशातच घालतो. बुटात ठेवा. घरी कोण असतं विचारलं तर सांगू नका. परत कधी जाणार ते तर मुळीच सांगू नका, स्टँडवर गाठतात. आणि मुख्य म्हणजे, हातात काही घ्यायचं नाही."

"हातात?"

"'जरा हे धरता का?' असं म्हणतात. तुम्ही भिडेपोटी धरलंत की संपलं. लगेच चोर चोर म्हणून बोंब! साक्षीदार आधीच उभे असतात आजूबाजूला. पोलीससुद्धा त्यांचेच."

"तुमच्या ओळखीत झालंय का असं कुणाला?"

"ओळखीत झालं असतं तर इतक्या शांतपणे बोललो असतो का मी?"

मी पाकीट बुटात ठेवलं. बूट नवे होते. नव्या बुटात पाय आणि पाकीट दोघांनाही एकाच वेळी राहायला देणं किती कठीण असतं, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. बसमध्ये पायाला मुंग्या आल्या, स्टँडपासून तळ्यापर्यंत चालताना टाचेला फोड आला, आणि मी लंगडत लंगडत शत्रूसमोर येऊन उभा राहिलो.

तळं मोठं होतं. फारच मोठं. पलीकडचा काठ होता, पण असून नसल्यासारखा. पाणी अगदी गप्प होतं. खवळलेलं असतं तर निदान त्याच्या मनात काय आहे ते तरी कळलं असतं. मध्यावर एक होडी कागदाच्या चिटोऱ्याएवढी दिसत होती. त्या चिटोऱ्यात आपली लेक, आपली बबडी, बाटली घेऊन वाकलीय असं डोळ्यांपुढे आलं. मी दगडी पायऱ्या उतरून अगदी खालच्या कोरड्या पायरीवर बसलो. बसलो कसला, बसकण मारली.

मी बूट काढले. मोजे घडी करून आत ठेवले. पाकीट होतंच. पाणी उडून घड्याळ बिघडायला नको म्हणून तेही बुटात ठेवलं. डोळे पुसायचे होते म्हणून चष्मा काढला, तोही त्यावर ठेवला. मला लहानपणापासून टापटिपीची सवय आहे, त्यामुळे ते बूट मी शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवले. मग पाण्याकडे बघत बोलायला लागलो. एकट्यानं मोठ्यानं बोलायची मला सवय आहे. घरात माझं पूर्ण ऐकून घेणारं दुसरं कुणी नसल्यामुळे ती लागलीय.

"गेली," मी म्हणालो, "हातातून गेली. एवढी वर्षं जपलं, आता संपलं सगळं. घरी जाऊन तरी काय करायचं?"

"दादा," मागून आवाज आला, "जरा हे धरता का?"

माझ्या पाठीतून बर्फाचा खडा उतरला. वरच्या पायरीवर एक जाडजूड बाई उभी होती. वर तिची चहाची टपरी होती. तिच्या हातात मटारच्या शेंगांची पाटी होती, आणि ती गोड हसत होती. खबरदारकाकांचे शब्द कानात घणघणत होते. तोंडातून "नको" निघेपर्यंत पाटी माझ्या मांडीवर आली होती.

"एवढे सोलून द्या की. माझे हात भरलेत," बाई म्हणाली. हात साफ रिकामे होते, मला दिसत होते. ती माझ्या शेजारीच, खालच्या ओल्या पायरीवर बसली, माझ्या आणि पाण्याच्या मधोमध. बूट तिनं हळूच उचलून दोन पायऱ्या वर नेऊन ठेवले. झालं! पाकीट गेलं, घड्याळ गेलं आणि चष्माही गेला. सुरुवात तर अगदी सांगितल्याबरहुकूम झाली होती. मी घाबरून मटार सोलायला लागलो.

"घरी कोण कोण असतं, दादा?" बाईनं विचारलं.

आला सापळा! पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. "कुणी नाही," मी म्हणालो.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

बाईनं आवंढा गिळला. "मग परत कधी जायचंय?"

"परत जायचं नाही," मी ठामपणे म्हणालो. स्टँडवर गाठतात म्हणे. गाठा आता!

"इथं काही काम काढलं होतं का?"

"आता कसलंच काम उरलं नाही."

इतकी चोख उत्तरं मी नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा दिली नव्हती. बाईचा चेहरा पार उतरला. तिनं मागे वळून खूण केली आणि एक नावाडी धावतच खाली आला. दांडगा माणूस, दंड माझ्या मांडीएवढे. काही न विचारता त्यानं माझ्या डाव्या हातात एक दोर दिला.

"सोडू नका हं साहेब," तो म्हणाला, "सोडलात तर होडी वाहून जाईल माझी."

होडी दुसऱ्या बाजूनं खुंटाला पक्की बांधलेली होती. म्हणजे हे निव्वळ ढोंग! हा दोर माझ्या हातात कशासाठी दिला? उद्या होडी चोरल्याचा आळ घ्यायला? मटार चोरी एक वेळ ठीक आहे, समज देऊन सोडतात. पण होडी! ज्याला पोहता येत नाही त्यानं होडी चोरली, हे कोर्टात कसं सांगायचं? माझ्या कपाळावर घाम आला. नावाड्यानं तो पाहिला आणि बाईच्या कानात काहीतरी कुजबुजला. बाईनं मान हलवली.

तेवढ्यात पर्यटकांचे फोटो काढणारा एक सडपातळ माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या छत्रीचा दांडा त्यानं माझ्या काखेत खोचला. "उजेड फार आहे, जरा धरून बसा," म्हणाला आणि लांब जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायला लागला. "हो, हो, तसलाच. बूट काढलेत. लवकर या," एवढं मला ऐकू आलं. माणसं गोळा करत होता तर! मांडीवर मटार, एका हातात दोर, काखेत छत्री, आणि भोवती तीन दरोडेखोर. दरोडेखोर माझ्याकडे पाहून हसत होते. बाईनं मला बशीत ओतून चहा पाजला, कारण माझे दोन्ही हात गुंतले होते. त्यात काही घातलं असेल म्हणून मी तोंड मिटून घेतलं, तर ती म्हणाली, "घ्या हो, पोटात कायतरी गेलं की बरं वाटतं. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही." मी खाल्लेलं होतं. डबाही होता. पण घाबरलो की माझा चेहरा आठ दिवसांच्या उपाशी माणसासारखा होतो, असं बायको म्हणते.

मी उठायला लागलो की तिघंही उठत. मी बसलो की बसत. एकदा मी नुसतं पाण्याकडे पाहिलं, तर नावाड्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

मग बाई टपरीत गेली आणि परत आली ती एक तान्ही मुलगी घेऊन. तिची नात. "जरा धरता का हिला? रडतीय," म्हणत तिनं ती माझ्याकडे दिली. मुलगी गाढ झोपलेली होती. मटार, होडी आणि आता मूल! मुलं पळवण्याच्या गुन्ह्यात जमाव आधी मारतो आणि मग विचारतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मुलीकडे पाहिलं. तिनं झोपेतच माझा अंगठा मुठीत धरला. बबडी अशीच धरायची. त्या भीतीतसुद्धा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाहून बाई स्वतःच रडायला लागली. दरोडेखोर रडतात, ही गोष्ट खबरदारकाकांनी सांगितली नव्हती.

आणि तेवढ्यात पायऱ्यांवर खाकी कपडे दिसले. एक हवालदार धापा टाकत उतरत होता. फोटोवाल्यानं माझ्याकडे बोट दाखवलं, "तो बघा, तो."

पोलीससुद्धा त्यांचेच! बस, माझा धीर सुटला. मूल फोटोवाल्याच्या हातात कोंबलं, छत्री टाकली, दोर सोडला, मटार उधळले आणि मी पळालो. वर हवालदार, डावीकडे नावाडी. मोकळा होता फक्त उजवीकडचा लाकडी फळ्यांचा धक्का, ज्याला होड्या लागतात तो. तो पाण्यात जातो आणि तिथंच संपतो, हे पळणाऱ्या माणसाला सुचत नाही. मी अनवाणी, चष्म्याविना, जिवाच्या आकांतानं त्याच्यावरून धावत सुटलो. मागून एकच कल्लोळ झाला. "धरा! धरा! गेला! अहो दादा, नका हो!"

फळ्या संपल्या तसा मी कचकन थांबलो. माझ्यापुरता मी थांबलो होतो, हे नोंदवून ठेवतो. पण मागून येणारे कुठले थांबायला! नावाड्यानं माझ्या कमरेला मिठी मारली, बाईनं सदऱ्याला, आणि आम्ही तिघं त्या वेगासकट तळ्यात गेलो.

"मेलो!" मी ओरडलो. "बुडालो! बबडे! अहो कुणीतरी बबडीला सांगा!"

"साहेब, उभे राहा," नावाडी म्हणाला.

"बुडालो!"

"उभे राहा हो, कंबरभर पाणी आहे."

मी उभा राहिलो. कंबरभरच होतं. काठावर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या आणि त्या अशा अवस्थेत.

चौकीत आम्ही ओळीनं बाकावर बसलो. माझ्याभोवती कुणीतरी घोंगडं गुंडाळलं होतं. बूट आतल्या पाकीट-घड्याळ-चष्म्यासकट माझ्या पायाशी ठेवले होते. हवालदार टेबलामागे बसून मोठ्या पेचात पडला होता.

"हे बघा साहेब," तो म्हणाला, "पडलो म्हणालात तर धक्क्याला कठडा का नाही म्हणून मला नगरपालिकेशी भांडावं लागेल. उडी मारली म्हणालात तर घरच्यांना बोलवावं लागेल."

"मला ढकललं," मी स्वाभिमानानं म्हणालो.

"ढकललं म्हणालात तर या सगळ्यांना आत घ्यावं लागेल, आणि माझा चहा या मावशींकडून येतो. नीट विचार करा."

"पण हे टोळीनं मला लुटायला बसले होते!" आणि मी सगळं सांगितलं. मटार, दोर, छत्री, मूल. हवालदारानं हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. चहावाली मात्र हसली नाही. ती पदर पिळत होती, ती थांबली.

"दादा," ती म्हणाली, "मागं एक माणूस त्याच पायरीवर बसला होता. असेच बूट काढून ठेवले होते, नीट. मी वरून बघत होते. म्हटलं, कशाला विचारायचं, परका माणूस. दूध उतू जात होतं म्हणून आत वळले. बाहेर आले तर नुसते बूट." तिनं पदर पुन्हा पिळला. "तेव्हापासून आम्ही असं कुणी दिसलं की हातात काम देतो. विचारत काही नाही, विचारलं की माणूस लाजतो. हातात काम असलं की तो पटकन उठत नाही. उठलाच तर निदान सांगून उठतो."

मला थंडी वाजत होती, पण आता ती पाण्यामुळे वाजत नव्हती. मी या बाईला दिलेलं एकेक उत्तर मला आठवायला लागलं. घरी कुणी नाही, परत जायचं नाही, काम उरलं नाही. ती भीतीनं अर्धी झाली असणार, आणि मी शेजारी बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

"ते काही असो," हवालदार घसा खाकरून म्हणाला, "नियम आहे. तळ्यावरून आणलेला माणूस घरच्यांशी बोलल्याशिवाय सोडता येत नाही. नंबर सांगा."

माझा मोबाइल खिशात भिजून गतप्राण झाला होता. बायकोचा नंबर मला पाठ नाही. तो लावायची वेळच येत नाही, तिचाच येतो. मला पाठ होता तो एकच नंबर. हवालदारानं तो फिरवला आणि मी अडवायच्या आत बोलून मोकळा झाला, "घाबरू नका ताई, तुमच्या वडिलांना तळ्यातून काढलंय."

रिसीव्हर माझ्याकडे आला तेव्हा पलीकडे बबडी हुंदके देत होती.

"बाबा, माझ्यामुळे ना? मी नाही जात. खरंच नाही जात. आत्ताच कळवून टाकते त्यांना."

ज्यासाठी आलो होतो ते हे. कारण शोधायचीसुद्धा गरज उरली नव्हती. मी फक्त एक सुस्कारा टाकायचा, की मुलगी जन्मभर घरी, खुर्चीत, माझ्या डोळ्यांसमोर. मला भयंकर मोह झाला. मग बाकावरच्या ओल्या मंडळींकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"अगं, मी उडी नाही मारली," मी म्हणालो. "मी पळत होतो."

"कुणापासून?"

"इथल्या लोकांपासून."

"का? काय करत होते ते?"

"मला वाचवत होते."

पलीकडचे हुंदके थांबले.

"बबडे, या गावात माणसाला एकटं बसूच देत नाहीत. तासभरसुद्धा नाही. फार त्रास आहे त्याचा. तू ये."

"आणि तुम्ही? तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"वाटणार. रोज सकाळी तू होडीत बसलीस की वाटणार. पण ती माझी आहे गं, तिचं मी बघेन. तिच्यापायी तू कशाला घरी बसतेस?"

तिनं पलीकडे नाक ओढलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, मग खोली बघून ठेवाल? तळ्याकडे खिडकी असलेली?"

"बघतो," मी म्हणालो. मी फोन ठेवला आणि चारचौघांत, हवालदारासमोर, घोंगड्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडलो.

बाकावरची सगळी मंडळी दचकून एकदम उठली आणि त्यांनी मला चारी बाजूंनी घेरलं.

"काही नाही हो, बसा," मी म्हणालो. "आमच्या मुलीला इथं खोली हवीय."